"साहेब, वहिनी किती दिवस चालवणार?"

रात्रीचे साडेदहा वाजलेत. भांडी झाली, ओटा पुसून झाला, आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, कुशीवर करून झालं, तरी दुपारचा राग काही उतरत नाही. म्हणून इथं लिहितेय. मोठं होईल, वाचायचं त्यांनी वाचा.

ह्या महिन्यात माझी भिशी लागली. चाळीस हजार. आणि मी आज व्यायामाची सायकल बघायला गेले होते. घरात ठेवायची, जागेवर फिरणारी. दुकानाचं नाव लिहीत नाही, साताऱ्यातल्या पोवई नाक्यापासून फार लांब नाही एवढंच. हे सोबत होते.

मी विचारलं, चाक किती किलोचं आहे? दुकानातल्या मुलानं उत्तर दिलं ह्यांच्याकडं बघून. मी विचारलं, चुंबकाची आहे की पट्टीची? परत उत्तर ह्यांना. बारा वर्षं मी पतसंस्थेत हिशेब लिहिते, प्रश्न नीट विचारता येतो मला. तरी तो मुलगा ह्यांच्याच तोंडाकडं बघणार. शेवटी हसून म्हणतो कसा, "साहेब, वहिनी किती दिवस चालवणार? साध्या सायकलवर तीन महिन्यांत कंटाळतील, मग टॉवेल वाळत घालाल. ही स्क्रीनवाली घ्या, म्हणजे टिकतील."

आणि हे हसले.

त्या पोराचं एवढं नाही वाटलं. तो विकायला बसलाय. ह्यांचं हसणं मात्र लागलं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या दारात बुलेट आली. सव्वादोन लाखांची. तेव्हा शोरूममध्ये कुणी मला विचारलं का, की वहिनी, साहेब रोज चालवणार का? ती गाडी आठवड्यातून एकदा निघते, कासला नाहीतर ठोसेघरला जाऊन येते, बाकी दिवस कव्हर घालून उभी असते. कुणाची तक्रार नाही, माझीही नव्हती. हौस असते माणसाला. पण घरातल्या बाईनं स्वतःच्या गुडघ्यासाठी स्वतःच्या भिशीतून काही घ्यायचं म्हटलं की सगळ्या घराचं मत घ्यावं लागतं. नणंदेला फोन, दिराचा सल्ला, शेजारच्या काकांचं "अहो, चढायला अजिंक्यतारा किल्ला फुकट आहे की!"

हे अजिंक्यतारा ऐकून ऐकून कान किटलेत माझे. मला काय माहीत नाही का अजिंक्यतारा? लग्नाआधी मैत्रिणींबरोबर पहाटे 'चार भिंती' स्मारकापर्यंत चढून जाणारी मुलगी मी. आज माझा दिवस पाचला सुरू होतो. आत्यांची डावी बाजू गेली त्याला दोन वर्षं झाली. सव्वापाचला त्यांचं पुसणं, कपडे बदलणं, मग चहा भरवायचा, मग मुलाचा डबा. मदतीच्या मावशी येतात नऊला आणि जातात सहाला, आणि तेवढ्याच वेळात माझं ऑफिस. म्हणजे ज्या वेळी घराबाहेर पडता येतं त्या वेळी मी कॅशच्या काचेमागं बसलेली असते. किल्ला फुकट आहे, वेळ कुठंय फुकट? आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडं पाऊस कसा असतो ते साताऱ्यातल्या माणसांना मी वेगळं सांगायला नको.

मला ती सायकल का हवी आहे ते सांगते. गेल्या पावसाळ्यात उजवा गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, झीज सुरू झालीय, वजन उतरवा, जिने कमी करा. तीन महिन्यांच्या सरासरीची साखरही ६.१ निघाली, म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर. मग बारा दिवस फिजिओथेरपीला जायचे. तिथं कोपऱ्यात एक जुनाट सायकल होती. हिरवा रंग उडालेला, मीटर बंद, पेडलच्या एका पट्ट्याला सुतळी बांधलेली. मधोमध एक गोल लाल मूठ. ती पिळली की लोकरीच्या जाड कापडाची पट्टी चाकाला घासायची आणि पेडल जड व्हायचं. दहा मिनिटांनी त्या पट्टीचा करपलेला वास यायचा. समोर खिडकी. ढग बाजूला झाले की किल्ल्यावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसायचा, परत झाकायचा.

पंधरा मिनिटं चालवायची म्हणून सांगितलेलं. चौथ्या दिवशी तिथली मुलगी वेळ सांगायला विसरली. मी चालवत राहिले. घड्याळ बघितलं तर अठ्ठावीस मिनिटं झालेली. अठ्ठावीस मिनिटं मला कुणी हाक मारली नव्हती. गॅसवर काही नव्हतं. फोन पर्समध्ये, पर्स बाहेरच्या बाकावर. खाली उतरले तेव्हा पाय थरथरत होते आणि गुडघा दुखत नव्हता. घरी येताना राजपथावर उगाचच गजरा घेतला.

ह्यात औषध काय आणि मन काय, मला वेगळं करता येत नाही. पण सायकल गुडघ्याला सोसते ह्याचं कारण सरळ आहे, अंगाचं वजन सीटवर असतं, गुडघ्यावर आदळत नाही. पेडल मारताना मांडीचे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करा. माझी अठ्ठावीस मिनिटं सहा वेळा मांडा, १६८ होतात.

बरं, आता त्या स्क्रीनवालीचा हिशेब. किंमत ७८,०००. वर तिच्या स्क्रीनवरच्या व्यायामवर्गांची वर्गणी महिन्याला हजार. तीन वर्षांचे झाले १,१४,०००. साधी, पण चुंबकाची, ती ३४,०००. आठवड्याला चारच दिवस धरले तर तीन वर्षांत ६२४ बैठका. महागडीला बैठकीमागं १८३ रुपये पडतात, साधीला ५४. जादाच्या १२९ रुपयांत मला काय मिळणार? परदेशातली एक बाई ओरडणार, "कम ऑन!" मला ओरडणारं कुणी नकोय. मला घरात ओरडणं भरपूर आहे.

दुकानात मी दोन्हींवर दहा-दहा मिनिटं बसले, ह्यांचं घड्याळ बघणं चालू असताना. चुंबकाच्या सायकलला आवाज जवळजवळ नाही. चुंबक चाकाला टेकतच नाही, नुसता जवळ आणला की फिरत्या धातूत वीज खेळते आणि तीच चाकाला मागं ओढते. घासणं नाही म्हणून झिजणं नाही, करपट वास नाही. रात्री दहाला आत्या झोपल्यावर चालवता येईल अशी वस्तू. आणि ही चुंबकाची गोष्ट ३४ हजारांतही तीच आणि ७८ हजारांतही तीच! जास्तीचे पैसे त्या स्क्रीनच्या काचेला.

त्या काचेनं दहा मिनिटांत मला १६० कॅलरी दाखवल्या. माझं वजन कुणी विचारलं नव्हतं, वय विचारलं नव्हतं. मग कशाच्या जोरावर? सतत १०० वॉटचा जोर लावून अख्खा तास चालवलं तर साधारण ३६० कॅलरी खर्च होतात, म्हणजे दहा मिनिटांत साठ. एवढं मी वाचून गेले होते. पतसंस्थेत असा आकडा लिहिला तर मला नोटीस मिळेल.

नणंदेची मुलगी न्यू जर्सीत असते, तिच्याकडं पेलोटॉन आहे. त्या जगप्रसिद्ध सायकलीची वर्गणीच २०२२ मध्ये महिन्याला ४४ डॉलर झाली होती. मे २०२३ मध्ये सीटची दांडी तुटण्याच्या तक्रारींवरून अमेरिकेतल्या सुमारे २२ लाख सायकलींच्या दांड्या कंपनीला बदलून द्याव्या लागल्या. महाग म्हणजे मजबूत असं काही नसतं. ती पोरगी मात्र नेमानं चालवते, तिला त्या वर्गांमुळं हुरूप येतो. येत असेल. तिच्या थंडीत, एकटेपणात त्याचा उपयोग असेल, मी नाही म्हणत नाही. माझं दुखणं वेगळं आहे.

आणि बिघडली तर? मी विचारलं. "पुण्याहून माणूस येईल." कधी येईल? "कंपनी कळवेल." साधीची सीट, पेडल राजपथावरचा सायकलवाला बदलून देईल. त्या काचेत काही झालं, उद्या कंपनीनं वर्गच बंद केले, तर सायकलवाला काय करणार?

टॉवेलचं म्हणाल तर हो, मान्य आहे. माझ्या सख्ख्या भावाच्या ट्रेडमिलवर आज बेडशीट वाळतात. पण त्यानं ती घेतली ती मित्रानं घेतली म्हणून. मी त्या हिरव्या सायकलवर बारा दिवस बसून आलेय, एकही खाडा न करता, भर पावसात, रिक्षाचे पैसे देऊन. बारा दिवसांनी उपचार संपले तेव्हा मी त्या मुलीला विचारलं होतं, "ताई, पैसे देऊन नुसती सायकल चालवायला आले तर चालेल का?" ती म्हणाली, "नाही हो काकू, पेशंटसाठी असते." ज्यांना वाटतं मी कंटाळेन त्यांनी हे ऐकून घ्यावं. घेण्याआधी दहा-बारा दिवस दुसऱ्याच्या मशीनवर बसून बघा, हे मी कुणालाही सांगेन. मी बसलेय.

अजून एक, आणि हे लिहिताना हात कापतोय रागानं. आपल्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. किती फ्लेक्स लागले चौकाचौकात! "जिल्ह्याची लेक." लागायलाच हवेत. पण ह्याच जिल्ह्यातली अठ्ठेचाळीस वर्षांची सून गुडघ्यासाठी सायकल मागते तेव्हा तिला टॉवेलची गोष्ट ऐकवता? घरातल्या बाईचा पाय चालला तरच घर चालतं, हे तुम्हाला रोज दिसतं ना? मग?

चहा घेऊन आले. जरा शांत झालेय.

ह्यांच्याबद्दल जास्त लिहिलं गेलं. माणूस वाईट नाही. आत्यांना उचलून खुर्चीत बसवायचं काम गेली दोन वर्षं रोज रात्री हेच करतात, ह्यांचीही कंबर धरते. दुकानातून येताना गाडीवर दोघंही गप्प होतो. गोडोलीच्या कोपऱ्यावर म्हणाले, "मी हसायला नको होतं." मी काही बोलले नाही. अजून बोलले नाहीये, वाचतीलच.

घरी आल्यावर आणखी एक झालं. आत्यांना भरवताना मी आपली बोलत होते, घ्यायची तर ठेवायची कुठं, हॉलमध्ये जागा नाही, गॅलरीत पाऊस मारतो, घामानं आणि ओलीनं बोल्ट गंजतात. आत्यांचं बोलणं आता फार कमी, शब्द अर्धे येतात. भात गिळून त्यांनी उजवा हात उचलला आणि कॉटच्या पायथ्याशी दाखवला. "हितं… ठिव." मला वाटलं पाणी मागतायत. परत म्हणाल्या, "हितं. मी… बगीन."

दोन वर्षं त्या छताकडं बघत पडून आहेत. मी त्यांच्यासमोर पेडल मारत असेन, त्या बघत असतील, हाक मारायची वेळ आली तर मी तिथंच असेन. माझ्या डोक्यात इतके दिवस बंद दार होतं. ती अठ्ठावीस मिनिटं, ती खिडकी, कुणी नको. त्यांच्या खोलीतही खिडकी आहे. किल्ला नाही दिसत, समोरच्यांचं सीताफळ दिसतं. चालेल.

तर ठरलं. चुंबकाची, साखळीऐवजी पट्ट्यावर चालणारी, बिनस्क्रीनची, ३४ हजारांची. उरलेल्यातून रुंद सीट वेगळी घेणार, कारण सोबत येते ती अरुंद आणि दगडासारखी, बायकांना टोचते. सीटची उंची मात्र आधी बसून लावून घ्यायची, पेडल खाली गेलं की गुडघ्यात किंचित वाक राहिला पाहिजे. सीट बुटकी ठेवली तर बरं करायला आणलेली वस्तूच गुडघा दुखवेल. आणि समोर टेबलफॅन. जागेवरच्या सायकलला वारा लागत नाही, घाम धो धो येतो. फॅनचं वारं आत्यांनाही लागेल. उद्या त्याच दुकानात जाणार आहे, मुद्दाम. एकटी. पैसे मी मोजून देणार आणि पावतीवर माझं नाव घालायला सांगणार.

आत्ताच टेप घेऊन जागा मोजली. चार फूट बाय दोन फूट लागते, कॉटपासून हात लांब केला तरी चाकाला लागता कामा नये, म्हणून मध्ये आणखी दोन फूट सोडायचे. तेवढ्यासाठी तिथलं आत्यांच्या लग्नातलं सागवानी कपाट जिन्याखाली न्यावं लागेल. ते ह्यांच्या एकट्याच्या कमरेला झेपणार नाही. रविवारी सकाळी नऊच्या आत कुणी दोघं मोकळे असाल तर या. पोहे करते.