सगळ्या खोक्यांवर ‘इतर’

उंचीनुसार! पुस्तकं उंचीनुसार भरली आहेत! एका खोक्यात ठेंगणी, दुसऱ्यात उंच, आणि जी कशातच मावली नाहीत ती सुतळीनं बांधून जिन्याखाली. खोक्यावर मार्करनं काय लिहिलंय? ‘इतर’. शेजारच्यावर? ‘इतर’. एकावर मात्र ‘जाड’. शंभर वर्षांहून जुनी कॉलेजची लायब्ररी, आणि नूतनीकरणानंतर तिच्यातल्या ज्ञानाचे विभाग उरले दोन. इतर आणि जाड.

मी तिथल्या मुकादमाला विचारलं, “दादा, हे कुठल्या कपाटातलं?”
“जुन्या कपाटातलं, मॅडम.”
“अहो, सगळीच कपाटं जुनी होती.”
“मग त्यातलंच.”
वर मलाच धीर दिला. “काळजी नका करू, काम झालं की परत लावून देऊ. एकदम लाइनीत, उंचीप्रमाणे. मस्त दिसतील.”

मस्त दिसतील. त्या माणसाचा काही दोष नाही. त्याला खोली रिकामी करायला सांगितली, त्यानं केली. कुठलं कपाट, कुठला खण, कितवा खोका याची यादी त्याच्या हातात द्यायचं ज्यांचं काम होतं ते टाइल्सचा रंग निवडत होते. नूतनीकरणाच्या समितीत आर्किटेक्ट आहेत, हिशेबनीस आहेत, देणगीदारांचे प्रतिनिधी आहेत. ग्रंथपाल बाई ‘विशेष निमंत्रित’. स्वतःच्या लायब्ररीत निमंत्रित! आणि मी ज्या पुस्तकासाठी आले ते कॉम्प्युटरवर शोधलं तर अजून ‘उपलब्ध’ दिसतंय. आहेच की उपलब्ध. कुठल्या तरी ‘इतर’मध्ये आहे.

जागेवर नसलेलं पुस्तक हे हरवलेलंच पुस्तक, हे यांना कोण सांगणार? चोरीला गेलं तर निदान नोंद होते, दुसरी प्रत मागवता येते. चुकीच्या खणात गेलेलं पुस्तक कागदोपत्री हजर आणि प्रत्यक्षात बेपत्ता. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण आणलं ते कशासाठी? एका विषयाची पुस्तकं शेजारी शेजारी यावीत, एक शोधायला गेलं की त्याच्या बाजूची चार सापडावीत म्हणून. खणासमोर उभं राहून न मागितलेलं पुस्तक हाताला लागणं ही तर अर्धी लायब्ररी. ती यांनी सेलोटेपनं बंद केली.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जुन्या लायब्ररीचं काम काढलं तेव्हा तिथल्या लाँग रूम नावाच्या दालनातून दोन लाखांच्या आसपास पुस्तकं हलवली. एकेक काढून, धूळ शोषून, टॅग लावून. भिंतीला हात नंतर. म्हणजे हे करता येतं. त्यांनाही जागा कमी पडलीच होती एकदा, १८६० मध्ये सरळ छप्परच उंच केलं होतं. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली लिहून ठेवलंय की ग्रंथालय ही वाढत जाणारी गोष्ट आहे. वाढवा ना! मी कुठे नको म्हणतेय? पण वाढवलं काय, तर प्रवेशकक्ष. जिथं एकही पुस्तक नाही असा दुमजली उंचीचा काचेचा प्रवेशकक्ष, तोही पश्चिमेकडे तोंड करून. आणि आता त्याच दुपारभर उन्हात भाजून निघणाऱ्या काचेमागं नवी कपाटं लावणार म्हणे. कागद पिवळा पडतो, कण्यावरची अक्षरं उडतात, आणि त्या काळातला लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद तर आधीच बोट लावलं की तुटतो. पण फोटोत उजेड छान येतो.

भिंतींचं तर बोलूच नका. चुन्यातल्या जुन्या भिंती ओल घेतात आणि सोडतात, म्हणून इतकी वर्षं टिकल्या. त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा थापलाय, वर पुट्टी, वर चकचकीत रंग. आता आतली ओल जाणार कुठे? वर चढणार, खार धरणार, पोपडे काढणार. मग ‘जुन्या बांधकामाचा दोष’ असा शेरा मारून पुन्हा निविदा.

आणि ती सरकती कपाटं! जुन्या तक्तपोशीच्या मजल्यावर! वाचनकक्षाची जमीन साधारण चौरस मीटरला ३०० किलोच्या हिशेबानं धरतात, पुस्तकांच्या कोठाराची ७०० च्या पुढे, आणि सरकत्या कपाटांत पुस्तकं दाटीनं बसत असल्यामुळे त्याहूनही जास्त. हे विचारल्यावर उत्तर मिळालं, “मॅडम, लोक पण बसतातच की तिथं.” मग कोणीतरी शहाण्यानं तोडगा काढला, दुर्मिळ विभाग तळघरात हलवू. तळघरात! १९९७ च्या जुलैमध्ये अमेरिकेत फोर्ट कॉलिन्सला विद्यापीठाच्या लायब्ररीच्या तळघरात पुराचं पाणी शिरलं, लाखांनी पुस्तकं भिजली, आणि तिथंही तेव्हा नूतनीकरणच चालू होतं. ग्लासगोच्या आर्ट स्कूलची लायब्ररी २०१४ मध्ये जळाली आणि दुरुस्ती चालू असताना २०१८ मध्ये तीच इमारत पुन्हा पेटली. काम चालू असलेली इमारत सगळ्यात नाजूक अवस्थेत असते, आणि आमच्याकडे लाकडी जिन्याशेजारी वेल्डिंग चाललंय, खाली सुतळीत बांधलेले गठ्ठे. मी दाखवलं तेव्हा एक पोतं आणून त्यावर टाकलं. पोतं!

एवढा आरडाओरडा केल्यावर शिपाई मामा हळूच म्हणाले, “मॅडम, पंखे आवाज करतात, छत गळतं, दिवे मिणमिणतात, असा अर्ज तुम्हीच दिला होता ना?” दिला होता. एक नाही, बरेच. भाषा आजच्याइतकीच गोड होती. आणि ज्या पुस्तकासाठी मी आज एवढं रण माजवलं, त्याच्या शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीत सगळे शिक्के माझ्याच नावचे आहेत हेही मामांना माहीत आहे. मधल्या काळात दुसऱ्या कोणीही ते पुस्तक नेलेलं नाही. म्हणजे माझ्याखेरीज सगळ्यांसाठी ते ‘इतर’मध्येच होतं म्हणा. मामा हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

पण म्हणून बीनबॅग? अभ्यासिकेत बीनबॅग! त्यात बसून टिपणं काढून दाखवा मला. वही गुडघ्यावर, गुडघा हनुवटीला, आणि उठताना शेजाऱ्याचा हात धरायचा. जुनी लांब टेबलं कुठे गेली तर म्हणे ‘जागा खाणारी’ होती. पुस्तकसूचीच्या कार्डांची सागवानी पेटी मात्र ठेवली आहे, स्वागतकक्षात, शोभेला. खण ओढून पाहिला. रिकामा. कार्डं रद्दीत. वर कुंडी, खोट्या रोपाची. खरं रोप ठेवलं तर पाणी घालावं लागेल ना.

पहिल्या मजल्यावरच्या सॉकेटांबद्दल उद्या लिहीन, आज रक्तदाब पुरे.

तोवर एवढंच करा. आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली जुनी दाखलवही कुठल्या खोक्यात गेली ते आधी शोधा, तिच्यावरून क्रम लावता येईल. खोके उघडायला आणि क्रमांक वाचायला मी येते, सुटीच्या दिवशीही येते, फुकट येते. फक्त एक खुर्ची द्या. चार पायांची.