“ह्यांचं काय काम आहे कराडला?”

आज सकाळी साताऱ्याहून कराडला निघालेल्या एसटीत आम्ही मैत्रिणी मागेपुढे जागा धरून बसलो होतो आणि एकमेकींना डब्यातल्या वड्या देत होतो. उंब्रज यायच्या आधी मागच्या आसनावरचा एक पस्तिशीतला गृहस्थ शेजाऱ्याला, पण आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, “फुकट झालंय ना, म्हणून गाड्या भरतात. नाहीतर ह्यांचं काय काम आहे कराडला?” मी वळून पाहिले, पण बोलले काहीच नाही. इतकी वर्षे शाळेत पोरांना गप्प बसवले आणि नेमक्या वेळी माझीच वाचा बसली, म्हणून आता रात्री हे लिहिते आहे.

काम काहीही नव्हते. प्रीतिसंगमावर जायचे, कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात ते थोडा वेळ पाहायचे, यशवंतरावांच्या समाधीला नमस्कार करायचा, भेळ खायची आणि दुपारच्या गाडीने परत यायचे, एवढाच बेत होता. यात काम कुठले ते मलाही सांगता येणार नाही आणि ते सांगावे तरी का, हा माझा प्रश्न आहे. महाबळेश्वरला गाड्या घेऊन जाणाऱ्या तरुण मंडळींना घाटात अडवून कोणी विचारते का, की तुमचे वर काय काम आहे?

फुकटचे आधी निकालात काढते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धे तिकीट आहे आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धे तिकीट आहे. म्हणजे त्या गृहस्थाची बायको, बहीण आणि आई याच सवलतीत फिरत असणार. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती केलीच, तेव्हा आम्ही काही रुळांवर जाऊन बसलो नाही. आमच्यात पूर्ण मोफत प्रवास फक्त माईंचा होतो. त्या आमच्यातल्या थोरल्या. आधार कार्ड पदराच्या गाठीत बांधून आणतात आणि वाहकाने दिलेले शून्य रुपयांचे तिकीट सरळ घडी करून बटव्यात ठेवतात, फेकत नाहीत.

माईंची गोष्ट तुमच्यापैकी काहीजणींना ठाऊक आहे, तरी सांगते. त्यांचे माहेर पाचगणीचे. लग्न झाल्यापासून साताऱ्याहून माहेरी जाताना आणि येताना गाडी वाईच्या स्थानकात थांबायची. कडेवर एक, हाताशी एक, पायाशी पिशव्या, अशा अवस्थेत त्यांनी वाई जन्मभर पाहिली ती खिडकीतून, गाडी सुटेपर्यंत. गेल्या माघात आम्ही त्यांना तिथे उतरवले आणि रिक्षा करून मेणवलीला नेले. नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर वसईच्या मोहिमेनंतर आणलेली ती मोठी घंटा आहे, जिच्यावर १७०७ हे साल आणि बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. माईंनी ती निरखून पाहिली आणि म्हणाल्या, “अगं, हिलासुद्धा पोर खाली ठेवायला फुरसत मिळालेली दिसत नाही.” आम्ही पायऱ्यांवर बसून इतक्या हसलो, की पलीकडे कपडे धुणाऱ्या बायका थांबून पाहू लागल्या.

मग त्यांनी चपला काढल्या, पाय पाण्यात सोडले आणि वाटेत घेतलेला हरभऱ्याचा डहाळा मांडीवर ठेवून एकेक घाटा सोलायला घेतला. ओल्या डहाळ्याची आंब बोटांना लागते, बोटे चुणचुणतात आणि दाणा तोंडात टाकला की आधी तो आंबट-खारटपणा जिभेवर येतो आणि मग दाण्याची गोडी. घरी त्या डहाळा सोलतात तो सगळ्यांच्या उसळीसाठी, वाटीभर झाला की ओट्यावर ठेवतात आणि पुढच्या कामाला लागतात. त्या दिवशी सोललेला प्रत्येक दाणा त्यांनी स्वतः खाल्ला. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, “तुझा तू सोल.”

मला राग येतो तो पुढच्या भागाचा. परतीच्या गाडीत माईंनी आम्हाला बजावले की घरी विचारले तर ढोल्या गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो असे सांगायचे. संध्याकाळी मुलाने सहज विचारले, “गर्दी होती का गं देवळात?” आणि माईंनी, ज्या त्या दिवशी देवळाकडे फिरकल्यासुद्धा नव्हत्या, रांगेचे असे वर्णन केले की दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी आम्हाला प्रसादाचे विचारले. हे ऐकून आम्ही हसलो खरे, पण सत्याहत्तर वर्षांच्या बाईला नदीत पाय सोडून बसण्यासाठी देवाला पुढे करावे लागते यात हसण्यासारखे काय आहे? म्हाताऱ्या माणसाने घराबाहेर पडण्याची मान्यताप्राप्त कारणे तीनच आहेत. दवाखाना, लग्नकार्य आणि देवदर्शन. फार तर बँकेत हयातीचा दाखला देणे. याखेरीज बाहेर पडलात तर “कशाला निघालात या वयात?” हे ठरलेले आहे.

माईंचा मुलगा चांगला आहे, आईच्या गोळ्यांच्या वेळा त्याला पाठ आहेत आणि तिच्या गुडघ्यांची त्याला वाटणारी काळजी खोटी नाही, हेही लिहून टाकते. एसटी तोट्यात असते, हेही मला माहीत आहे. आणि सकाळी कॉलेजची पोरे, कामावर जाणारी माणसे दांडीला लोंबकळत असताना आम्ही भटकणाऱ्यांनी त्याच गाडीत जागा अडवू नये, हे म्हणणे रास्त आहे. म्हणून तर आम्ही दहानंतरची गाडी धरतो. आजही दहानंतरचीच होती आणि मागच्या दोन रांगा रिकाम्या होत्या. त्या गृहस्थाची गैरसोय नेमकी कशाने झाली ते मला अजून कळलेले नाही. कदाचित आमच्या हसण्याने झाली असेल. आम्ही मोठ्याने हसतो.

आता लिहिता लिहिता राग जरा खाली आला आहे. तो बिचारा त्याच्या कामाच्या विवंचनेत निघाला असेल, वरिष्ठांची बोलणी खायला जात असेल आणि समोर पाच म्हाताऱ्या वड्या खात खिदळताना दिसल्या की कोणाचेही डोके फिरेल. मी नोकरीत होते तेव्हा शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर स्थानकात निवांत बसलेल्या पेन्शनर मंडळींकडे पाहून माझ्याही मनात काही फार सात्त्विक विचार येत नसत. फरक इतकाच की मी ते ऐकू जाईल असे बोलत नसे.

माईंनी ते वाक्य ऐकले होते का, हे मला दिवसभर विचारवले नाही. संगमावर भेळ खाताना त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, “त्याला सांगायचं होतंस, कैरी जास्त घातलेली भेळ खायची आहे, हे काम आहे.” आणि खरोखरच त्यांनी भेळवाल्याकडून दोनदा कैरी मागून घेतली.

पुढच्या गुरुवारी औंधला जायचे ठरते आहे. पंतप्रतिनिधींनी उभारलेले संग्रहालय निवांत पाहायचे आहे, तिथे रविवर्म्याची चित्रे आहेत. यमाईच्या डोंगरावर चढायचे की खालूनच हात जोडायचे यावर दोन तट पडले आहेत आणि माई चढण्याच्या बाजूने आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी बुधवारपर्यंत कळवावे, आधार कार्ड आणि पाण्याची बाटली आणावी. वड्या या खेपेला मी करणार नाही, दुसऱ्या कोणीतरी कराव्यात.