उष्टं वाद्य

आज खानापूरला बहिणीकडं गेलेलो. भाचीसाठी जुना क्लॅरिनेट नेला होता. 8,000 रुपयांचा, प्लॅस्टिकच्या अंगाचा, शिकणाऱ्यांचा असतो तसला. पोरगी वर्षभर शाळेच्या बँडचा क्लॅरिनेट आळीपाळीनं वाजवतेय, हा तिचा स्वतःचा पहिला. तिनं पेटी उघडली, पाच तुकडे जोडायला घेतले, तेवढ्यात बसलेले एक पाहुणे म्हणाले, "शी! कुणाचं तरी उष्टं दिलंय होय पोरीला? त्यापरास नवीन नाही का मिळत?"

पोरीनं हातातला माउथपीस, तोंडात धरायचा तुकडा, गुपचूप परत ठेवला. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

उष्टं म्हणे! माउथपीस कोमट पाण्यानं धुवायचा, तरी मन धजत नसेल तर तेवढाच नवा घ्यायचा. त्यावर बसवायची पातळ पट्टी, रीड, ती तर नवीच लागते. बाकीचं वाद्य कुणाच्या तोंडात जातं?

मला नवाकोरा मिळालेला. 1994 साली बाबांनी सोसायटीतनं उचल काढून घेतलेला, स्वस्तातला, पण चाव्या चांदीसारख्या चकचकीत. दोन महिन्यांत चाव्या वाकल्या, खालचे सूर निघेनात. मी फुंकून फुंकून रडकुंडीला यायचो. घरात सगळे म्हणायचे, "दम नाही पोरात." ते मलाही पटलं. ठेवून दिला.

मान्य, जुन्यातही लोक फसतात. पण म्हणून बघून घ्यायचा ना! तुकडा हातात घ्यायचा, भोकं बोटांनी आणि खालचं तोंड तळव्यानं बंद करायचं, वरनं हवा ओढायची. ओढ क्षणभर टिकली तर पॅड, म्हणजे चाव्यांखालच्या भोकं झाकणाऱ्या गाद्या, धडके. लगेच सुटली तर कुठंतरी गळतंय. जोडावरचं बुचाचं कडं झिजलंय का बघायचं. लाकडी असेल तर वरच्या तुकड्यावर तडा शोधायचा. आपल्याकडचा पावसाळा आणि त्यानंतरचा कोरडा वारा लाकडाला सोसत नाही, म्हणून शिकाऊ पोराला प्लॅस्टिकच बरा. आणि 17 चाव्या, भोकांभोवतीची 6 कडी मोजून घ्या. जुन्या बँडमधले काही क्लॅरिनेटवर बोटं वेगळी ठेवावी लागतात, पोराला शिकवतात एक आणि हातात येतं भलतंच. भाचीच्या क्लॅरिनेटचे चार पॅड मी बदलून घेतले.

हे सगळं मला कुणी शिकवलं सांगू? आमच्या कॅम्पातले एक काका, मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमधनं निवृत्त झालेले. मी वाजवणं सोडल्यावर कितीतरी वर्षांनी त्यांना तो नवाकोरा दाखवला. त्यांनी खिडक्या लावल्या, आत बारीक दिवा सोडला. बंद पॅडच्या कडेनं उजेडाच्या रेघा बाहेर आल्या. एक नाही, पाच-सहा. काका म्हणाले, "बाळा, दम तुझ्यात होता रे. इथनं पळून जायचा."

त्या अंधाऱ्या खोलीत मी रडलो. बाबा तेव्हा नव्हते. त्यांची चूक नव्हती, पोराला नवं द्यावं एवढंच त्यांना कळत होतं. पाहुण्यांनाही बहुतेक तेवढंच कळतं. पण पोरीच्या तोंडावर बोलायचं नव्हतं हो.

निघताना दारात चप्पल घालत होतो. आतनं सूर आला. सगळी भोकं झाकून निघतो तो, सगळ्यात खालचा. जरा थरथरला, मग लांब टिकला. माझ्या नव्याकोऱ्यावर तो मला एकदाही काढता आला नव्हता.