गुलाबाच्या तीन कुंड्या : नर्सरी मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

एकच तारा दिलात, वाईट वाटलं. पण फोटो टाकलेत हे बरं केलं. तुमचं म्हणणं असं, की फेब्रुवारीत आमच्याकडून ग्लॅडिएटर जातीच्या गुलाबाची ३ कलमं नेली, मे महिन्यात छाटली, खत घातलं. दोन वाळली, तिसरं नुसतं वाढतंय, कळी नाही. आणि आम्ही मरतुकडी रोपं गळ्यात मारतो.

आधी आमची चूक सांगतो. तुम्ही फोन केलात तेव्हा आमच्या पोराने ‘छाटा बिनधास्त, फुटेल’ असं सांगितलं. मी विचारल्यावर तो कबूल झाला. जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. तेव्हा काडीला सावली असते ती तिच्याच पानांची. ती काढली की साल भाजते. तुमच्या पहिल्या फोटोत काडी शेंड्याकडून काळी पडत खाली आलीय, ते हेच. मोठी छाटणी पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या जागेच्या, जरा वर तिरका काप घ्यायचा आणि कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावायची. साधारण दीड महिन्यात फूल दिसतं.

युरियाचं मात्र आमच्या माथी मारू नका. १२ इंची कुंडीत मूठभर, तोही नुकत्या छाटलेल्या झाडाला! पानं नाहीत, नवी फूट नाही, ते खत घेणार कोण? मुळं करपतात. फुटवे बोटभर झाले की मगच खायला घाला. मी तर सरकीची पेंड ४ दिवस भिजवतो, गाळून दहापट पाणी घालतो आणि ओल्या मातीवर देतो. वास येतो, शेजारी कुरकुरतात, पण झाड खूश.

आता तिसरं. फोटोत एक लांबलचक हिरवी काडी सरळ वर गेलीय आणि तिच्या बाजूचं मूळ कलम सुकलंय. मला ती खुंटाची फूट वाटते. आपण चांगल्या जातीचा डोळा भरतो तो जंगली खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या जंगली गुलाबावर. वरचं मेलं की खालचा राजा होतो. त्याला वर्षभर पेंड घातली तरी ग्लॅडिएटर यायचा नाही. पानं मोजून ओळखा असं लोक सांगतात, त्यावर मी जात नाही. फूट सांध्याच्या, म्हणजे डोळा भरलेल्या जागेच्या, खालून निघालीय का, तेवढंच बघतो.

छाटणीचा सल्ला आमचा होता, म्हणून दोन कलमं ऑक्टोबरात फुकट बदलून देतो. तिसरी कुंडी त्याआधीच घेऊन या. फोटो नको, माती बाजूला करून सांधा चाचपून बघावा लागतो. सोमवारी बंद असतो.