परदेशातून : भाचीची पुस्तकं आणि आमचे वाद

यंदा बारावीत गेलेल्या आणि नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, देणाऱ्या भाचीने क्लासवाल्यांनी दिलेली पुस्तकांची यादी पाठवली आणि खाली विचारलं, "मामा, यातले कोनते घेऊ?" यादीत अकरा पुस्तकं. गाव दारव्हा तालुक्यातलं, यवतमाळ जिल्हा. शेती कोरडवाहू, कपाशी आणि तूर. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, आणि नेमका तेव्हाच घरातला पैसा बियाण्यात अन् खतात गेलेला असतो. कापसाचे पैसे दिसायला दिवाळी उजाडते.

इकडे जर्मनीत स्टुटगार्टला बसून वाचतो तो वाद वेगळाच. २०२५ च्या मार्चमध्ये सरकारने सीबीएसई पॅटर्न पहिलीपासून टप्प्याटप्प्याने आणायचं जाहीर केलं, तेव्हापासून बालभारती, म्हणजे राज्याची पाठ्यपुस्तकं, राहणार की जाणार यावर परदेशातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवरही हमरीतुमरी चालते. स्टेट बोर्डामुळे आपली पोरं मागे पडतात असं एक गट म्हणतो, दुसरा मराठीच्या नावाने गळा काढतो. यातल्या कुणी बारावीची दोन्ही पुस्तकं, बालभारतीची आणि सीबीएसईला चालणारी एनसीईआरटीची, शेजारी ठेवून पाहिली असतील, असं मला वाटत नाही.

दोन्हींच्या पीडीएफ फुकट मिळतात. मी चाळल्या. खरी अडचण सोप्या-कठीणाची नाही, क्रमाची आहे. बालभारतीच्या बारावीच्या फिजिक्सचा पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्स. एनसीईआरटीत तो विषय अकरावीत उरकलेला. थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स यांचंही तेच. बायोलॉजीत रक्ताभिसरण आणि मज्जासंस्था आपल्याकडे बारावीला, तिकडे अकरावीला. उलट केमिस्ट्रीतला सॉलिड स्टेट एनसीईआरटीने वगळला, नीटमधूनही गेला, पण बालभारतीत तो पहिलाच धडा आहे आणि बोर्डाला येतो. म्हणजे एनसीईआरटीची फक्त बारावीची पुस्तकं आणून नीटला बसणाऱ्या पोरीचा अर्धा अभ्यास घरात आलेलाच नसतो. हे सांगायला कुणी नसतं; शहरात कुणाची तरी ताई मेडिकलला असते, गावात कुठून आणायची?

म्हणून भाचीला कळवलं ते असं. बालभारतीची बारावीची पुस्तकं हवीतच. एमबीबीएसला बोर्डाचे गुण पात्रतेपुरतेच लागतात हे खरं, पण एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, स्टेट बोर्डावर बेतलेली आहे: ८० टक्के बारावी, २० टक्के अकरावी, आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. फार्मसी आणि बी.एस्सी. अ‍ॅग्रीची वाट तिथून जाते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकायला मिळणं म्हणजे नापास होणं नव्हे, हे आपल्या लोकांना एकदा कुणी तरी सांगायला हवं. नीटसाठी एनसीईआरटीची अकरावी-बारावी दोन्ही. १८० पैकी ९० प्रश्न बायोलॉजीचे, त्यामुळे ते पुस्तक आकृत्यांखालच्या ओळींसकट वाच. सरावाला प्रश्नसंच एकच. बाकीची जाडजूड पुस्तकं खोडून टाक. जुनी पुस्तकं घेतलीस तर एनसीईआरटीच्या बारावीच्या बायोलॉजीचा पहिला धडा बघ: 'रिप्रॉडक्शन इन ऑर्गॅनिझम्स' असेल तर प्रत धडे कमी करण्याआधीची आहे. चालेल, पण नव्या पीडीएफशी ताडून गेलेले धडे पेन्सिलीने मार.

सरकारी पुस्तकं स्वस्त आहेत. जवायाचा, म्हणजे भाचीच्या बाबांचा, खिसा कापतात ती खाजगी पुस्तकं, डायजेस्टं आणि क्लासची 'मॉड्यूल्स'.

माझ्या मुलीला इथे यातलं काहीच करावं लागत नाही. पुस्तक कोणतं ते शाळा ठरवते आणि शाळाच वापरायला देते. या राज्याच्या घटनेतच ते फुकट द्यायचं लिहिलंय. तिच्या फिजिक्सच्या पुस्तकाच्या आतल्या पानावर शिक्का आहे, त्याखाली रकाने: वर्ष, नाव, वर्ग, पुस्तकाची अवस्था. तिच्या आधी चौघांनी वापरलंय. एकाने कोपऱ्यात फुटबॉल काढलाय, तोही वर्षानुवर्षं तसाच.

इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं असं मी म्हणणार नाही. सोळा राज्यांचे सोळा अभ्यासक्रम आहेत. शिवाय चौथीनंतर, दहाव्या वर्षीच पोरांच्या वाटा वेगळ्या करतात, ते मला अजून पटलेलं नाही. आपल्याकडे गावातली पोरगी निदान बारावीपर्यंत डॉक्टर व्हायचं म्हणू शकते.

पण पुस्तक वापरायला देऊन परत घेणं, याला ना पॅटर्न आड येतो ना बोर्ड. जवायांनी कॉलेजात विचारलं तर उत्तर मिळालं, "पोट्टे पुस्तकं वापस देत नाहीत." इथलीही पोरं हरवतात, मग भरून देतात. अनामत ठेवून घ्या. बारावीचा निकाल लागला की टीसी न्यायला सगळे कॉलेजात येतातच. त्याच खिडकीवर पुस्तकं जमा करून घ्यायची आणि अनामत हातावर ठेवायची.