गाडी तापली खंबाटकीत, डोकं तापलं श्टुटगार्टात

रविवारी आमच्याकडे जर्मनीत, आवाज नको म्हणून, रिकाम्या बाटल्यासुद्धा कंटेनरमध्ये टाकता येत नाहीत, तेव्हा माझा रविवार पुण्याला फोन लावण्यात जातो. गेल्या रविवारी कोथरूडच्या घरी पूर्ण बैठक भरली होती. दादा, वहिनी, आत्या, आत्याचे यजमान म्हणजे आमचे काका, आणि कानात बोंडं घालून बसलेला भाचा. विषय एकच, दादाची गाडी.

गाडी सहा वर्षांची, डिझेल. दादानं डीलरच्या सर्व्हिस सेंटरला टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलून घेतला. गाडी परत देताना नेहमीप्रमाणे वॉशिंग करून, आतल्या पायपुसण्यांवर कागद घालून दिली, आणि दुसऱ्या दिवशी फोन आला, "सर, फीडबॅक कॉल येईल, प्लीज दहापैकी दहा द्या." दादानं दिले. तीन आठवड्यांनी कोल्हापूरला जाताना खंबाटकी चढताना तापमानाचा काटा वर गेला. येताना बोगदा असतो, जाताना घाटच चढावा लागला, मागे ट्रक लागलेले, थांबायला जागा नाही. वर पोचेपर्यंत बॉनेटमधून वाफ. होज पाइपची क्लिप नीट बसवलेली नव्हती, सगळं कूलंट रस्त्यावर. हेड गॅस्केट गेलं. टोइंगचे पैसे वेगळे.

सर्व्हिस ॲडव्हायझरचं म्हणणं असं, की आमच्याकडून गाडी ओके निघाली होती, जॉब कार्डवर तुमची सही आहे. आणि काटा वर गेल्यावरही तुम्ही गाडी चालवलीत, तो ग्राहकाचा निष्काळजीपणा. एस्टिमेट ७४ हजार. "गुडविल म्हणून" लेबरमध्ये निम्मी सूट.

काका म्हणाले, ऑथोराइज्ड म्हणजे पावती देऊन लूट, नाना पेठेतून पार्ट आणून आपल्या मिस्त्रीकडून काम करून घ्यायला हवं होतं. वहिनी म्हणाली, निम्मे सोडतायत ना, देऊन टाका, जाऊ दे. भाच्यानं एका कानातलं बोंडं काढून सुचवलं, की गाडीला बैल जुंपू, पुढे ढोल लावू, शोरूमपर्यंत मिरवणूक काढू, रील व्हायरल. (हे तो गमतीत बोलत नव्हता. गाढवांनी गाडी ओढत शोरूमला नेण्याचे प्रकार आपल्या देशात झालेले आहेत.) आणि मग आत्यानं नेहमीचं वाक्य टाकलं, "तुमच्याकडे बरं बाई, असलं काही नसतंच. इथं काही होत नाही." सगळ्यांनी माना हलवल्या.

इथं काही होत नाही. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी वीस मिनिटं बोलले. काय बोलले ते सांगते, कारण त्यातलं बरचसं खरंच होतं.

ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये सुरू झाली ती पुण्यात, बिंदुमाधव जोशींनी केली. देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला १९८६ मध्ये, बारा वर्षांनी. म्हणजे ज्या गावानं ग्राहकाला बोलायला शिकवलं, त्या गावातली माणसं सोफ्यावर बसून मला सांगतात, काही होत नाही! २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. वाईट दुरुस्ती ही त्यात 'सेवेतील त्रुटी'. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, वकील लागत नाही, मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फीसुद्धा नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरावर फोन करता येतो. अर्ज घरबसल्या भरता येतो. मुदत दोन वर्षं. हे सगळं मी श्टुटगार्टात बसून सांगणार आणि कोथरूडला बसून तुम्ही म्हणणार, जाऊ दे?

दादा शांतपणे म्हणाला, "कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत. तपासणी लागली तर पाच. ते कागदावर. माझ्या ऑफिसातल्या एकाची फ्रीजची केस चौथ्या वर्षात आहे."

त्याचं बरोबर होतं, म्हणून मी विषय बदलला आणि जर्मनीवर आले. आम्ही इकडची माणसं अडलो की हेच करतो.

आमच्याकडे गॅरेज चालवायचं तर माइस्टर, म्हणजे परीक्षा पास झालेला उस्ताद लागतो, नुसता हात बसलेला माणूस चालत नाही. गॅरेजनं काम बिघडवलं तर आधी त्यालाच नीट करायची संधी द्यावी लागते. ती न देता दुसरीकडे काम करून घेतलंत, तर सहसा पैसे मागता येत नाहीत. गॅरेज त्यांच्या संघटनेचं सभासद असेल तर वाद लवादाकडे नेता येतो, गिऱ्हाइकाला फुकट. दर दोन वर्षांनी ट्यूफ, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी, नवी गाडी असेल तर पहिल्यांदा तीन वर्षांनी. ब्रेक रोलरवर घालून बघतात, खालून टॉर्च मारून बघतात. नापास झाली तर महिन्याभरात दुरुस्त करून परत दाखवायची, नाहीतर नंबरप्लेटवरचा स्टिकर, प्लाकेटे, नाही. आणि तुमच्या पीयूसीचं काय, पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातली ती व्हॅन, म्हणून मी हसलेसुद्धा. ते हसणं मला नंतर आवडलं नाही.

काका गप्प बसणारे नव्हेत. "तुझ्या त्या प्रामाणिक जर्मनांच्या फोक्सवॅगननंच जगभर एक कोटीच्या वर डिझेल गाड्यांत सॉफ्टवेअर घालून धुराची चाचणी फसवली, ते २०१५ मध्ये उघड झालं ना?" घातलं होतं. आणि त्याहून गंमत अशी, की अमेरिकेतल्या मालकांची भरपाई २०१६ मध्ये ठरली, खुद्द जर्मनीतल्या लाखो मालकांना तडजोडीसाठी २०२० उजाडलं. त्या काळात आमच्या पार्किंगमधले शेजारी गाड्या नेहमीसारख्याच धुवत होते. चाकणला कारखाना असलेल्या कंपनीबद्दल मला पुण्यातून ऐकवलं जावं हेही गमतीचं, पण काकांना ते सांगितलं नाही.

"पण नियम म्हणजे नियम असतो तिकडे," आत्यानं माझी बाजू घेतली. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

आता जे फोनवर सांगितलं नाही ते.

आमच्या गाडीचे मागचे ब्रेक मी इथल्या एका मोठ्या डीलरकडे बदलून घेतले होते. डिस्क आणि पॅड दोन्ही, ४१२ युरो. चार दिवसांत मागचं डावं चाक रिव्हर्स घेताना किंचाळायला लागलं आणि थोडं चालवलं तरी हात लावता येणार नाही इतकं तापायचं. टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, घेतला. पार्किंगमध्ये बसून वाक्यं पाठ केली. मी बोट क्लब रोडवरच्या मॅक्स म्यूलर भवनात जर्मन शिकले, चांगले मार्क पडले होते, आणि तरी भांडण्याच्या आदल्या मिनिटाला मी ब्रेक पुल्लिंगी 'डेअर' की स्त्रीलिंगी 'दी' हे तपासत होते. काउंटरवरच्या माइस्टरनं माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, फार सभ्यपणे, आणि म्हणाला, "दास इस्ट नोर्माल." नवे ब्रेक आहेत, बसतील.

नॉर्मल आहे मॅडम, सगळ्यांचं असंच येतं. कर्वे रोडवर ऐकलेलं वाक्य, फक्त स्वच्छ ओव्हरऑलमधून आलेलं.

पुण्यात मी काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. आवाज अर्धी पट्टी वर. "असं कसं नॉर्मल? चला, बसा गाडीत माझ्या शेजारी, एक राउंड मारू." मॅनेजरला बोलवा. मॅनेजर जेवायला गेलेत? मग मी बसते, मला घाई नाही, पाणी आणा. यातलं एकही वाक्य मला जर्मनमध्ये येत नाही असं नाही. शब्द येतात. त्या शब्दांमागे जो हक्कानं वैतागलेला माणूस उभा असावा लागतो, तो उभा राहत नाही. तोंड उघडलं की ऐकणाऱ्याला आधी माझा उच्चार ऐकू येतो आणि मलाही तोच ऐकू येतो. मागे दोन माणसं रांगेत होती. मी "डांके" म्हटलं. थँक यू! तापलेल्या चाकाबद्दल!

काही महिन्यांनी गाडी ट्यूफला नापास झाली. डाव्या कॅलिपरचा पिस्टन अडकलेला, दोन्ही बाजूंचा ब्रेक असमान. मी दुसऱ्याच गॅरेजमध्ये नेऊन पुन्हा पैसे भरले. परत संधी देणं, लवाद, काही नाही. आमच्याकडे कायदेशीर खर्चाचा विमासुद्धा आहे, दर वर्षी हप्ता जातो. नवरा म्हणाला, जाऊ दे. वहिनीचेच शब्द, पण त्याच्या तोंडून ते मला समंजस वाटले.

बाबा असते तर त्यांना हे मी सांगू शकले नसते. त्यांच्या चेतकचं काम झालं की ते मिस्त्रीला म्हणायचे, जुना पार्ट दाखव. नुसता दाखव नाही, दे. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी यायचा. माळ्यावर एक गोणपाट होतं, त्यात झिजलेल्या क्लचप्लेटी, केबली, ब्रेक शूज. आई म्हणायची, भंगारवाल्याला द्या. ते म्हणायचे, पुरावा आहे. कशाचा पुरावा, कोणाविरुद्ध, हे कोणाला कळलं नाही, पण स्कूटरवाला त्यांना नवा म्हणून जुना पार्ट कधी लावू शकला नाही.

त्या रात्री मी दादाला विचारलं, क्लिप कुठे आहे? त्यानं फोटो पाठवला. प्लास्टिकची पिशवी, आत क्लिप, वर स्केचपेननं तारीख. मला हसू आलं आणि डोळ्यात पाणीही आलं, उगाच.

मग बसून पत्र लिहिलं, डीलरच्या जनरल मॅनेजरला. गाडी अजून त्यांच्याच आवारात आहे, ती आमच्या उपस्थितीशिवाय खोलू नये. बाहेरच्या माहीतगार माणसाकडून तपासणी होईपर्यंत काढलेला एकही भाग टाकू नये. जॉब कार्डवरची सही गाडी ताब्यात मिळाल्याची आहे, क्लिप घट्ट आवळल्याची नव्हे. घाटात थांबायला जागा नव्हती, आणि गळती कोणाच्या कामामुळे सुरू झाली हा आधीचा प्रश्न आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा आयोगाकडे. चार पानं झाली. 'आपला नम्र' लिहून खोडलं आणि 'आपला ग्राहक' लिहिलं. इतकं सुखानं मी कित्येक वर्षांत काही लिहिलं नव्हतं.

दादानं ते दीड पानाचं करून पाठवलं. "एवढं कोण वाचतंय," म्हणाला.

नंतर, झोप येईना म्हणून, कपाटातली काळी फाइल काढून ब्रेकचं बिल शोधलं. आमच्याकडे सगळी बिलं फाइलला असतात, तारखेनं. दुरुस्तीच्या कामाची मुदत इथल्या कायद्यातही दोनच वर्षं. बिलाला दोन वर्षं चार महिने झाले होते. पंच केलेल्या भोकांत परत अडकवून ठेवलं.

काल दादाचा मेसेज आला. डीलरनं गुरुवारी अकराला बोलावलंय, मॅनेजर स्वतः असणार आहेत, तू फोनवर राहशील का, स्पीकर लावतो. तिकडे अकरा म्हणजे माझे सकाळचे साडेसात. त्या वेळी मी एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये असते, तिथं कोणी मोठ्यानं बोललं की सगळा डबा वळून बघतो.

राहते म्हटलं.