एगरचा किल्ला आणि मी गाळलेलं १५९६ साल

नमस्कार. हंगेरीतल्या एगरवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचे आक्षेप दोन. पहिला, मी १५५२ च्या वेढ्याचं भरभरून वर्णन केलं, पण तोच किल्ला १५९६ मध्ये तुर्कांच्या हाती पडला याचं नावही काढलं नाही. दुसरा तुमच्याच शब्दांत: 'तिकीट काढून डागडुजी केलेल्या भिंती आणि काचेतल्या तलवारी बघणं म्हणजे किल्ला बघणं नव्हे. राजगडाची सर त्याला नाही.'

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. चूक माझीच. किल्लेदार दोबो इश्तवान, आत जेमतेम दोन हजार माणसं, त्यात शेतकरी आणि बायकाही, आणि बाहेर कित्येक पटींनी मोठी फौज. पाच आठवड्यांहून जास्त लढून त्यांनी वेढा उठवायला लावला. त्या गोष्टीने मी इतकी भारावले की तिथेच थांबले. खरं तर पुढचा भाग जास्त विचार करायला लावणारा आहे. १५५२ नंतर इटालियन स्थापत्यकारांच्या देखरेखीखाली तिथे नव्या पद्धतीचे बुरूज उभे राहिले होते. तरीही १५९६ मध्ये सुलतान तिसरा मेहमद स्वतः चालून आला तेव्हा किल्ला पडला. आतली शिबंदी बहुतेक परदेशी, भाडोत्री. त्यांनी अभयाचा कौल घेऊन किल्ला सोडला आणि बाहेर पडल्यावर त्यांची कत्तल झाली. पुढची ९१ वर्षं एगर तुर्कांकडे होतं. दोबोच्या वेळी शरण जायची भाषा काढणाऱ्याला देहदंड, अशी शपथ सगळ्यांनी घेतली होती. बुरूज सुधारले, पण ती माणसं राहिली नव्हती. हे मी लिहायलाच हवं होतं.

दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. एगरचा किल्ला चकाचक नाही. १७०२ मध्ये हॅब्सबर्ग सम्राटाच्या हुकमाने त्याचा बाहेरचा भाग सुरुंग लावून उडवला, बंडखोरांनी त्याचा आसरा घेऊ नये म्हणून. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे का फोडले, हे तुम्हाला मी सांगायला नको. एगरला तर आतला आणि बाहेरचा किल्ला यांच्यामधून आता रेल्वेचा रूळ जातो. तटावर उभं राहून खाली तो रूळ बघताना पोटात कालवतं.

आणि तिकीट काढून मी काय बघितलं? तटाखालची भुयारं. बाहेर ऊन होतं, आत अंगावर काटा येईल इतकी थंडी. वेढ्याच्या काळात शत्रू तटाखाली सुरुंग खणतोय का हे कसं ओळखायचं, ते मार्गदर्शक बाईंनी तिथे दाखवलं. जमिनीवर ढोल ठेवायचा, त्यावर वाटाण्याचे दाणे. खाली कुदळ पडली की दाणे थरथरतात. त्यांनी पाय आपटला आणि दाणे खरोखर हलले. आमच्या गटातली लहान मुलंसुद्धा गप्प झाली. वर एका दालनात दोबोच्या कबरीवरचं दगडी शिल्प आहे, चिलखत घालून आडवा पडलेला माणूस. त्याच्यापाशी मी बराच वेळ उभी होते. हे बघायला कड्यावरून घाम गाळत चढावं लागलं नाही, म्हणून ते कमी खरं ठरत नाही.

नव्या बांधकामाबद्दल तुमचं एका ठिकाणी बरोबर आहे. मिश्कोल्त्सजवळच्या दिओश्ग्योर किल्ल्याचं २०१४ मध्ये झालेलं नूतनीकरण मलाही खटकलं. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, ते मन लावून शोधावं लागतं. विशेग्रादला तसं वाटलं नाही. तिथला राजवाडा मातीखाली इतका गाडला गेला होता की तो कधी होता का, अशीच शंका घेतली जायची. १९३४ मध्ये तो खणून काढला. अंगणातलं लाल संगमरवरी कारंजं प्रतिकृती आहे, मूळ तुकडे संग्रहालयात आहेत, आणि तसं सरळ सांगितलेलं आहे. मला हाच मार्ग प्रामाणिक वाटतो.

हरलेला काळही ही गावं पुसून टाकत नाहीत, हे मला सगळ्यात भावलं. एगरमधली तुर्की मशीद १८४१ मध्ये पाडली, पण चाळीस मीटर उंच मिनार राहिला. आतल्या ९७ पायऱ्या इतक्या अरुंद की दोन्ही खांदे भिंतीला घासतात. वर पोचल्यावर समोर किल्लाच दिसतो. सिगेतवारला तर १५६६ च्या वेढ्यात सुलतान सुलेमान मरण पावला आणि किल्ला लढवणारा झ्रिन्यीही पडला. तिथे १९९४ पासून एक बाग आहे, त्यात दोघांचे पुतळे शेजारी शेजारी आहेत.

मूळ लेखात १५९६ चा परिच्छेद आज घातला आहे आणि तो एका वाचकाने दाखवून दिल्यामुळे आला, हेही लिहिलं आहे. वाचून बघा. अजून काही निसटलं असेल तर जरूर कळवा.